हायड्रोजनची हजेरी

मॅडमनी माझ्या आईला पहिला फोन केला तेव्हा मी त्यांच्या समोरच मुलाखतीला बसले होते.

अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिसऱ्या मजल्यावर मॅडमची खोली, खिडकीला पडद्याऐवजी जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवलेली. मी नुकतीच पीएचडी संपवून, सगळी सर्टिफिकेटं ओळीने लावलेली फाइल घेऊन गेले होते. मॅडमनी ती उघडलीसुद्धा नाही.

"तुमच्या हॉलमधल्या स्विचबोर्डावर बटणं किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी घरचा नंबर मागितला, तिथल्या तिथे लावला, आणि मुलुंडला कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेल्या माझ्या आईला, आपण कोण काय हे न सांगता, हॉलमधली बटणं मोजून यायला सांगितलं. आई गरीब बिचारी मोजून आली. आठ होती. एक टीव्हीच्या मागे गेलं होतं आणि गेल्या कित्येक वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

"रोज बघतेस तेसुद्धा तुला दिसत नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि वर नक्की म्हणतेस. सोमवारपासून ये. ही खोड जायला वर्ष लागेल."

मी लिफ्टमध्ये शिरले तेव्हा नोकरी लागल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती हबकले होते. खाली पोचेपर्यंत आईचा फोन आला. "कोण गं ती बाई? पोलिसातली का?"

मॅडमबरोबर मी सहा वर्षं काढली आणि त्यातलं एकही वर्ष धक्क्याशिवाय गेलं नाही. माणसाला सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

त्या कॉम्प्युटरवर रसायनशास्त्र करायच्या. पांढरा कोट नाही, परीक्षानळी नाही, वास नाही. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात ते, एरवी रेंगाळणारी रासायनिक क्रिया झटकन घडवून आणतं. आपल्या पोटात ते हेच करतं आणि औषधाच्या कारखान्यातही हेच. पण नेमकं कसं घडवतं हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा एकेक अणू कॉम्प्युटरमध्ये मांडायचा आणि गणिताने हलवून बघायचा. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी लहान तुकड्यात जे घडतं ते बघायला आमची यंत्रं तीन-तीन आठवडे चालायची. मॅडमनी उभी हयात यात घातली होती. आधी धातूंचे उत्प्रेरक, मग एन्झाइमं. खालच्या मजल्यावरचे प्रयोगशाळेतले लोक आमच्या खोलीला व्हिडिओ गेम म्हणायचे. मॅडमच्या तोंडावर म्हणायचे, आणि मॅडमही त्यांना तोंडावर भांडीवाले म्हणायच्या.

एकदा खालून कोणीतरी ज्या एन्झाइमवर त्या अकरा वर्षं काम करत होत्या त्याची चिमूटभर पूड छोट्या बाटलीत घालून, वर लाल रिबन बांधून, त्यांच्या वाढदिवसाला भेट आणली. मला वाटलं, आता बाई हळव्या होणार. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे असं असतं होय," म्हणाल्या, आणि बाटली परत दिली. अकरा वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही कधी पाहायला मागितलं नाही. ज्याच्या अंगावरचा अणू न् अणू त्यांना पाठ होता ते त्यांच्या लेखी त्या बाटलीत नव्हतंच. मी दिवसभर त्या बाटलीचा विचार करत बसले.

त्या राहायच्या चारकोपला, सेक्टरातल्या तळमजल्याच्या घरात. वडील कोकणातून गिरणीत आलेले, गिरणी गेल्यावर वॉचमन झालेले. घरी आई आणि शिवणकाम करणारी धाकटी बहीण. मॅडमनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही. चिडल्या की मालवणीत शिरायच्या. डब्यात आठवड्यातून तीनदा तळलेला बांगडा. कंपनीची कँटीन शाकाहारी, त्यामुळे त्या जिन्यात पायरीवर बसून जेवायच्या आणि बांगड्याचा वास तिन्ही मजले फिरायचा. ॲडमिनवाल्याने एकदा अदबीने तक्रार केली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खाली ते लोक गंधकाच्या बाटल्या उघडतात, अख्खा रस्ता नाक धरतो, तेव्हा तू कुठे असतोस रे?" पुन्हा तक्रार आली नाही.

फायर ड्रिलची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. घंटा वाजली आणि सगळी कंपनी खाली पार्किंगमध्ये उन्हात उभी राहिली. सेफ्टीवाला हजेरीपत्रक घेऊन फिरत होता. मॅडमनी एवढी रिकामी माणसं एका जागी पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. अकाउंट्सच्या बाईंना दंडाला धरून एका जागी उभं केलं. "तुम्ही सेरीन. हलायचं नाही." मला त्यांच्या शेजारी, एन्झाइमचा दुसरा घटक म्हणून. "तू हिस्टिडिन. हात पुढे." मग सरळ डायरेक्टरसाहेबांकडे गेल्या. सूट घातलेला, सहा फुटी माणूस. "सर, तुम्ही इथे मागे या. तुमचा चार्ज निगेटिव्ह आहे."

"मॅडम, ड्रिल चालू आहे."

"आग लागलेली नाही ना? मग या."

आणि साहेब आले. वीसेक माणसांचं एन्झाइम पार्किंगमध्ये उभं राहिलं, गेटवरचा सिक्युरिटीवाला पाण्याचा रेणू झाला, आणि त्याने कुठून घुसायचं ते मॅडम त्याला हाताला धरून शिकवत राहिल्या. "पाण्याला हलकं समजू नकोस," त्या मला ओरडून म्हणाल्या. "कोणाच्या लक्षात येत नाही आणि सगळी लावालावी तेच करतं." सेफ्टीवाला आ वासून बघत होता. ड्रिल पाऊण तास लांबलं. मी तेव्हाही लाजेने अर्धमेली झाले होते, पण ती क्रिया मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

त्यांचं सगळं वेडेपण एका अणूपाशी येऊन थांबायचं. हायड्रोजन. एन्झाइमची रचना क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रावरून कळते, आणि हायड्रोजन इतका लहान की बहुतेक वेळा त्या चित्रात तो दिसतच नाही. बाकीचे अणू आयते मिळतात, हायड्रोजन आपण बसवायचे, हजारोंनी. बहुतेकांची जागा ठरलेली असते. काहींची नसते. हिस्टिडिन नावाच्या घटकात दोन नायट्रोजन असतात आणि साधारणपणे त्यांतल्या एकावरच हायड्रोजन असतो. वरच्या की खालच्या, हे शेजारी कोण बसलंय ते बघून ठरवायचं. प्रोग्राम आपला सवयीने एकावर बसवून मोकळा होतो. तो चुकला तरी पुढचं गणित सुरळीत चालतं, आकडे येतात, रंगीत चित्रं निघतात, आणि सगळं खोटं असतं.

म्हणून मॅडमची हजेरी. कुठलंही गणित सुरू करायच्या आधी दोघांनी दोन पडद्यांसमोर बसायचं. एकाने जागेचं नाव वाचायचं. दुसऱ्याने ती जागा फिरवून, शेजारीपाजारी बघून, हायड्रोजन कुठे आहे आणि तिथेच का आहे ते बोलून दाखवायचं, आणि मग मोठ्याने "हजर" म्हणायचं. एकेका एन्झाइमला दोन-दोन तास. बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं आत बालवाडी भरली आहे. ही हजेरी लिहून ठेवायची मात्र सक्त बंदी. पहिल्याच आठवड्यात मी हौसेने टिक करायचा तक्ता बनवून नेला. मॅडमनी तो जेवताना काटे ठेवायला घेतला.

"लिहिलं की माणूस बघत नाही," त्या म्हणाल्या. "टिक करत सुटतो. तोंडाने खोटं बोलायला जड जातं."

माझ्या बाबतीत त्यांचा हा अंदाज चुकला.

तेव्हा आमच्याकडे एका औषधाचं काम आलं होतं. मधल्या एका पायरीवरचं एन्झाइम फारच हळू चालत होतं. त्याचा कुठला तुकडा बदलला तर ते पळेल, हे आम्ही कॉम्प्युटरवरून सांगायचं होतं. मूळ फाइल मी तयार केली. शुक्रवार होता. माझा साखरपुडा ठरला होता आणि साडी घ्यायला आई घाटकोपर स्टेशनबाहेर येऊन उभी होती, दर दहा मिनिटांनी फोन करत होती. मॅडमची आई त्याच दिवसांत कांदिवलीच्या हॉस्पिटलमध्ये होती. मॅडम बाराला यायच्या, चारला जायच्या. त्या आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर दुसऱ्या कामांच्या तीन हजेऱ्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन वेळा मध्येच उठून हॉस्पिटलचा फोन घेतला होता. या चौथ्या फाइलची हजेरी राहिली. मी गणित सुरू करून दिलं आणि मेट्रोकडे पळाले. मनात म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी मॅडमनी दारातूनच विचारलं, "हजेरी झाली ना गं आपली त्या फाइलची?"

"झाली, मॅडम."

मला काहीही जड गेलं नाही. त्या फोनवर होत्या, मान हलवून आत गेल्या.

गणित काही महिने चाललं. त्यातून निघालं की अमुक जागचा अमुक तुकडा बदला. खालच्या लोकांनी हसत-हसत तो बदलला, आणि एन्झाइम पळायला लागलं. थोडंथोडकं नाही, कारखान्यात बसवण्याइतकं. ज्या दिवशी खात्री झाली त्या दिवशी भांडीवाले पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिना चढून वर आले. मॅडम खुर्चीतून उठल्याच नाहीत, त्यांच्याकडे बघत बसल्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली. काहीतरी मागायला नाही, सांगायला म्हणून खालून वर कोणी पहिल्यांदा आलं." त्यांची आई तोवर गेली होती. त्या दिवशी त्यांनी एक पेढा रुमालात बांधून बहिणीसाठी घरी नेला.

डायरेक्टरसाहेबांनी आमच्या गणितातलं एक चित्र मोठं करून लॉबीत लावलं. हिस्टिडिनचा हायड्रोजन उडी मारून पलीकडे जातो आहे, असं ते चित्र. मॅडम कधी नव्हे त्या येता-जाता तिथे थांबायच्या. बाकी जगाला एन्झाइम पळालं याचा आनंद होता. मॅडमना ते का पळालं हे आपल्याला कळलं, याचा होता. एकदा पावणेदहाच्या गर्दीत लॉबीच्या मधोमध उभ्या राहून मला म्हणाल्या, "एवढं एक तरी बघितलं मी आयुष्यात."

दीड वर्षाने नवीन कामासाठी मी ती जुनी फाइल उघडली. नेमक्या त्या हिस्टिडिनवर हायड्रोजन चुकीच्या नायट्रोजनवर होता. प्रोग्रामने सवयीने बसवलेला, मी न बघितलेला. शेजारचा घटक बघितला असता तर शाळकरी पोरानेही सांगितलं असतं की हा इथे असूच शकत नाही. चित्रातली ती उडी कधी घडलीच नव्हती. एन्झाइम पळत होतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने, आम्ही बदलायला सांगितलेला तुकडा निव्वळ नशिबाने लागू पडला होता. चुकीचा पत्ता विचारत निघालेला माणूस बरोबर घरात शिरावा तसं झालं होतं.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. पण नवं काम त्याच फाइलवर उभं राहणार होतं. तिसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं.

त्यांनी ती जागा पडद्यावर फिरवली. पुन्हा फिरवली. मी आयुष्यात पहिल्यांदा मॅडमना धक्का बसलेला बघत होते. एरवी तो मान माझा असायचा.

"हजेरी कोणी दिली होती?" त्यांनी विचारलं.

मला खरं सांगायचं होतं. आजही शपथेवर सांगते, तोंड उघडेपर्यंत मला खरंच सांगायचं होतं.

"तुम्हीच, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. आठवायचा प्रयत्न करत होत्या. तो आठवडा, हॉस्पिटलचे फोन, मध्येच उठणं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी हजर म्हटलं? ह्याला?" आणि मी मान हलवली. इतकं नीच मी त्याआधी कधी वागले नव्हते आणि ते इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या तडक डायरेक्टरांकडे गेल्या. मलाही नेलं. चित्र उतरवा म्हणाल्या, अहवाल मागे घ्या म्हणाल्या, चूक माझी आहे म्हणाल्या. मी त्यांच्या मागे उभी होते.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "लेकिन मॅडम, चल रहा है ना?"

"चालतंय. का चालतंय ते आपल्याला माहीत नाही."

"तो चलने दो ना."

मॅडमना वाटलं त्यांना कळलं नसेल. त्यांनी कागद ओढून हायड्रोजन काढून दाखवला. साहेबांना सगळं कळलं होतं. पार्किंगमध्ये पाऊण तास उन्हात निगेटिव्ह चार्ज होऊन उभा राहिलेला माणूस तो. पण कारखाना चालू होता, औषध निघत होतं, आणि लॉबीतलं चित्र सुंदर दिसत होतं. मॅडम बाहेर आल्या आणि जिन्यात जिथे रोज जेवायच्या त्या पायरीवर बसल्या. "गो, त्यांका काय पडलेलाच नाय," एवढंच म्हणाल्या. मग वर जाऊन अहवालाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहिलं, की यातलं कारण चुकीचं आहे, हजेरी मी दिली होती, आणि खाली पूर्ण सही केली. साहेबांच्या सेक्रेटरीने ते पान फाइलमध्ये सगळ्यात मागे लावलं. माझं खोटं अशा रीतीने मॅडमच्या अक्षरात दफ्तरी जमा झालं.

त्यानंतर मॅडमनी हजेरी दिली नाही. "तुम्ही दोघं घ्या," म्हणायच्या मला आणि नव्याने लागलेल्या मुलाला. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, ती न थांबता त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी भाषण केलं नाही. त्यांची खुर्ची मला मिळाली. घरी श्रीखंड आणलं होतं, नवरा कौतुक करत होता, आणि मी माझी वाटी त्याच्या ताटात रिकामी केली.

चारकोपला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले.

पहिल्या वेळी दार उघडंच होतं. आत शिलाई मशीन एका बाजूला सारून टेबलावर कॉम्प्युटर ठेवला होता. समोर धाकटी बहीण बसली होती, गळ्यात टेप, आणि पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने सांगत होती, "ह्यो दुसरो हिस्टिडिन. पांढरो गोळो खालच्या अंगाक आसा. बाजूक तांबडो आसा." पांढरा गोळा म्हणजे हायड्रोजन, तांबडा ऑक्सिजन. मॅडम मागे खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. ऐकून थोडा विचार करून म्हणाल्या, "हजर. पुढे." दहावी झालेली, ब्लाऊज शिवणारी बाई एन्झाइमची हजेरी देत होती. मॅडम ते सगळं काम पहिल्यापासून पुन्हा करत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. ते एन्झाइम का पळतं, एवढंच त्यांना हवं होतं.

"तुम्ही का नाही बघत, मॅडम?" मी विचारलं.

"माझे डोळे नकोत त्यात," त्या म्हणाल्या. "एकदा बघितलं ना मी."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. बहीण चहा टाकायला उठली, मॅडम माझ्या घरच्यांच्या, नवऱ्याच्या, मुलीच्या चौकशा करत राहिल्या, आणि मी चहा पिऊन निघाले. वाटेत मालाडपर्यंत रिक्षात स्वतःला शिव्या घालत होते.

दुसऱ्या वेळी त्यांनीच फोन करून बोलावलं. त्यांना कारण सापडलं होतं. हिस्टिडिनचा हायड्रोजन उडी मारतच नव्हता. मध्ये पाण्याचा एक रेणू उभा होता, तो एकाकडून घेऊन दुसऱ्याला देत होता, आणि आम्ही बदललेल्या तुकड्यामुळे त्याला उभं राहायला जागा झाली होती. मॅडमनी मला तीनदा दाखवलं. इतक्या खुश की बोलता-बोलता मालवणीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जात होत्या. बहिणीने मध्येच विचारलं, "म्हणजे सुटला गो?" आणि मॅडम म्हणाल्या, "सुटला." इतक्या आनंदात मी कुठे ती घाण काढू, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला निमित्तच हवं होतं. पुढच्या खेपेला सांगते, असं मनाशी म्हणून उठले.

पुढची खेप झाली नाही. दोन महिन्यांनी सकाळी दूध आणायला गेल्या आणि दुकानाच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. अटॅक. कंपनीत मला लिफ्टमध्ये कळलं. मी तिसऱ्या मजल्यावर उतरायचं विसरले, लिफ्ट खाली गेली, पुन्हा वर आली, मी तशीच.

कंपनीने शोकसभा ठेवली. हॉलमध्ये मॅडमचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या मागे भिंतभर पडद्यावर तेच चित्र. तोच हायड्रोजन, ताटाएवढा, चुकीच्या जागी, मॅडमच्या डोक्याच्या बरोबर वर. डायरेक्टरसाहेब म्हणाले की मॅडमच्या कारकिर्दीचा हा कळस होता. लोकांनी माना हलवल्या. मग मला बोलायला बोलावलं.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे चित्र चुकीचं आहे. चूक माझी आहे. त्या फाइलची हजेरी कोणी घेतलीच नव्हती. मी मॅडमना सांगितलं की तुम्ही घेतली, आणि त्यांनी विश्वास ठेवला. त्यांची चूक नव्हती."

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, ओरडेल, निदान विचारेल. साहेब पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "बहुत क्लोज थी मॅडम से. इमोशनल हो गई है." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा वक्ता उभा राहिला. मी खाली येऊन बसले आणि कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

सभा संपल्यावर बाहेर चहा होता. मॅडमची बहीण पहिल्या रांगेतच बसून होती, पर्स मांडीवर धरून. मी जवळ गेले तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू मगाशी बोललंस ता माका कळला," त्या म्हणाल्या. "ती हजेरी ताईन दिल्लीच नाय?"

"नाही, मावशी. मी खोटं सांगितलं."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "आमी तीन डॉक्टर केले. एक कांदिवलीक, दोन बोरिवलीक. सगळे म्हणत, डोळे बरे आसत, काय झाला नाय. ती म्हणा, ह्यांका काय कळणा नाय, माका दिसणा नाय. भाजी निवडूक बसली तरी माका विचारी. आळी नाय मां गो, तू बघ. रस्तो ओलांडताना माजो हात धरी. इतकी शिकलेली ती."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"मगे डोळे बरे होते तिचे?"

"बरे होते."

त्यांनी माझं मनगट सोडलं. "ह्या तिका सांगूक होया होता," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. मी रिक्षापर्यंत सोडायला येते म्हटलं. त्यांनी नको म्हटलं आणि एकट्याच जिना उतरून गेल्या.